पेज, मुठेल आणि लावणीतला ताप

मालवणात पोट बिघडलं की आधी चुलीवर पेज चढते, उकड्या तांदळाची, मीठ घातलेली. यात नुसती माया नाही, शास्त्रही आहे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीची साथ आली, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आतड्यात ग्लुकोज मिठाला सोबत घेऊन शोषलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी. पेजेतला भात पचला की हेच ग्लुकोज देतो. पेज मात्र पातळच हवी आणि पुन्हापुन्हा घ्यायला हवी.

भेगाळलेल्या टाचांना मुठेल लावावं. रतांब्याच्या (कोकमाच्या) बियांचं हे घट्ट तेल हाताच्या उबेनं सैल होतं आणि कातडीतली ओल धरून ठेवतं. बाजारातल्या मलमांपेक्षा मला तरी तेच सरस वाटतं.

घरच्या उपायांची गल्लत होते ती तापात. भातलावणीच्या दिवसांत काढा पिऊन ताप अंगावर काढायची आपली जुनी खोड. पण उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या चिखलातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) जंतू शिरतो. दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडताप ठाऊक आहे, तो गोचिडीतून येतो. या तापांवर तुळस-आल्याच्या काढ्याचा उपयोग नाही. लेप्टोवर औषध आहे, ते लवकर मिळायला हवं. तेव्हा ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा, आणि चिखलात उतरला होतात की रानात गेला होतात, ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.