ट्रॉलीत न मावलेले ओझे

माणसाने प्रवासाला निघताना सोबत किती घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता घरातल्या बायकांचा किंवा गाडीवानाचा वाटतो. मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. ओझे म्हटले की ते वाहणारा कोणीतरी आलाच. गाडीत काय मावले याचा हिशेब सगळेच करतात. जे मावले नाही ते कोणाच्या डोक्यावर गेले, याचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही.

आमचे पिंपळगाव रेणुकाई हे भोकरदन तालुक्यातले मिरचीच्या बाजाराचे गाव. जागा आणि वजन ही दोन वेगळी मापे आहेत, हे येथे शाळकरी पोरालाही शिकवावे लागत नाही. २००५ साली टाटांची 'एस' ही गाडी बाजारात आली आणि लोकांनी तिचे नाव 'छोटा हत्ती' ठेवले. सुमारे पाऊण टन माल वाहण्यासाठी ती बनवलेली. तिच्यात मिरचीची पोती भरली तर आधी जागा संपते. सिमेंटच्या गोण्या भरल्या तर पंधराव्या गोणीलाच वजन संपते आणि हौदा मात्र रिकामा दिसत राहतो. जागा दिसते म्हणून माणूस आणखी दोन गोण्या टाकतो. बहुतेक अतिभार असाच, डोळ्यांवर विश्वास ठेवून होतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना, बीडकडून ऊसतोड कामगारांच्या ट्रॉली पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. एकेका ट्रॉलीत अनेक घरांचे बिऱ्हाड असते. ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, तवा, परात, हंडे, गोधड्या, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, कोयते, एखादी शेळी, टोपल्याखाली कोंबड्या, आणि या सगळ्यावर माणसे. पाच-सहा महिन्यांचा संसार एका लोखंडी हौद्यात बसवायचा, तोही वाटेकऱ्यांसह. ते सामान लावताना जी अक्कल लागते तिचे कौतुक कोणी केलेले मी वाचले नाही. धान्य तळाला, पेटी पुढे, गोधड्या वर, म्हणजे त्यावर मुले झोपतात. लागणारे हाताशी, न लागणारे खाली.

बैलगाडीच्या काळापासून आपल्या भाषेत यासाठी शब्द आहेत. भार पुढे जास्त झाला तर गाडी धुरजड, म्हणजे बैलांच्या मानेवर ओझे. मागे जास्त झाला तर उलाळ, म्हणजे जू वर उचलले जाऊन बैलांचा गळा आवळतो. ट्रॅक्टरचेही तेच. आसाच्या मागे भार गेला की ट्रॉली जोडणीचा आकडा वर ओढते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटू लागते. अमेरिकेत हौसेने फिरणारी कुटुंबे मोटारीमागे चाकांचे छोटे घर जोडतात. त्यांनाही हेच सांगितलेले असते की एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा जोडणीवर यावा, जड वस्तू खाली आणि आसाजवळ असाव्यात. घराचे स्वतःचे वजन परवानगीच्या आकड्यातून वजा करा, जे उरेल तेवढेच तुमचे सामान. पाणीही सामानातच मोजा, कारण लिटरला किलो.

या पाण्याच्या हिशेबापाशी मी थांबलो. त्या घरांत पाण्याची टाकी असते, म्हणून पाण्याचे वजन गाडीवर पडते. आपल्या ट्रॉलीत पाच-सहा महिन्यांचे पाणी कसे येणार? ते तिकडे गेल्यावर आणायचे असते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, वर हंड्याचे वजन वेगळे. ते बाईच्या डोक्यावर जाते, उसाच्या मोळ्या वाहून झाल्यावर. ऊसतोडीत 'डोकी सेंटर' नावाचा एक प्रकारच आहे. तेथे तोडलेला ऊस डोक्यावरून वाहून वाहनात भरायचा असतो. ट्रॉलीतून वगळलेले वजन नाहीसे झालेले नसते, हे मला या एका शब्दावरून समजले.

कायदा वजनाचा विचार करतो, नाही असे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अतिभाराला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. बैलांसाठीही १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांहून अधिक जुंपू नये, सलग पाच तासांहून अधिक नाही, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. हे नियम चांगलेच आहेत. पण कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक खेपेचे वजन होते, पावती निघते, कारण मजुरी टनावर असते. म्हणजे कुठली ट्रॉली किती जास्त भरली होती हे लेखी असते. माहिती नव्हती अशी सबब तेथे कोणालाच उरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती हवीच होती. मात्र दर टनाचा ठरतो. त्या टनाखालच्या मानेचा काही दर ठरत नाही.

अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात उंटाचा प्रसंग येतो. मदिनेतल्या एका बागेत प्रेषित मुहम्मद (स.) गेले असता एक उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याचे डोळे वाहू लागले. त्यांनी मालकाला बोलावून घेतले आणि या मुक्या जिवाबाबत अल्लाहची भीती बाळग, अशी समज दिली. उंटाची तक्रार दुहेरी होती, उपाशी ठेवण्याची आणि राबवून थकवण्याची. दुसरा प्रसंग बुखारीत आहे. यमनचे काही लोक हजला शिधा न घेता येत, आपण अल्लाहवर भरवसा ठेवणारे आहोत असे म्हणत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांकडे मागत. त्यावर प्रवासात शिधा सोबत घेण्याची आज्ञा कुरआनात आली. मला हे दोन प्रसंग एकत्र वाचावेसे वाटतात. पहिल्यात जास्त लादल्यामुळे दुसऱ्यावर भार पडतो, दुसऱ्यात काहीच न घेतल्यामुळे. रिकामे हात म्हणजे साधेपणा, असे आपण फार लवकर मानून टाकतो.

उर्दू शिकलेल्या प्रत्येकाला नजीर अकबराबादींचा 'बंजारानामा' ठाऊक असतो. मालाचा गर्व उतरवणारी ती कविता मला प्रिय आहे. पण ती ज्याच्याकडे माल आहे त्याला उद्देशून आहे. कपाटे भरलेल्या घरात बसून सादगीवर वाझ देणारे आपल्यात कमी नाहीत. ट्रॉलीत बिऱ्हाड लावणाऱ्या बाईला सादगी काय शिकवणार? तिच्या सामानात फालतू म्हणावी अशी एक वस्तू काढून दाखवावी.

तरीही एक वस्तू तिलाही वगळावी लागते, आणि शिक्षक म्हणून ती मला दिसते. घरात दहा-अकरा वर्षांची मुलगी असेल तर ती ट्रॉलीत चढते, कारण धाकट्याला कोपीत सांभाळायला कोणीतरी हवे. तिचे दप्तर घरी राहते. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाप्रमाणे दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे. पंचवीस किलोच्या मुलीला अडीच किलो. तिच्या कडेवरचा भाऊ मात्र आठ-नऊ किलोंचा असतो, आणि तो दिवसभर असतो. त्याच्यासाठी कुठले धोरण आहे?

आईबापांना दोष देऊन हा प्रश्न मिटवणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि उचल त्या कोयत्यावर घेतलेली असते. बाळ सांभाळायला आई मागे राहिली तर कोयता अर्धा होतो. मराठवाड्यात हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलाला आजी-आजोबांकडे ठेवून जेवणाची सोय करायची, अशी ती कल्पना. जेथे ती नीट चालते तेथे मुले थांबतात. पण तान्ह्या भावाला वसतिगृह नसते, म्हणून बहीण जाते. फडाजवळ पाळणाघर असते तर तिचे काम तेथे उरले नसते.

चार पुस्तके, दोन वह्या, एक पाटी. आमच्या शाळेतल्या किराणा तोलायच्या काट्यावर मी हे ठेवून पाहिले. पावणेदोन किलो भरले. कोंबड्यांच्या टोपल्याशेजारी एवढी जागा निघते, आणि ट्रॉलीच्या आसालाही त्याचा फरक पडत नाही.