मातीची टंचाई

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये रोज रात्री अनेक जिल्ह्यांतले मळे उतरतात. नाशिकचा कोबी, पुण्याकडची मेथी; हंगामात देवगडचा हापूस, पेंढ्यात बसवलेला. उजाडेपर्यंत माल शहरात पांगतो. गाळ्यांसमोर पाला उरतो.

शहराला बाग पाहायला हवी असते. खायची बाग दूर असलेली चालते. माणूस ज्याच्यावर जगतो ते नजरेआड ठेवतो.

कोकणातल्या घरामागच्या आगराचा आराखडा कोणी कागदावर काढला नाही. विहिरीचे पाणी पाटाने माडा-पोफळींना जाई. न्हाणीचे पाणी केळीला आणि अळवाला मिळे. पडलेली झावळी तिथेच कुजे. कडेला अबोली फुले. तिथे शोभा आणि गरज यांची फारकत झालेली नव्हती.

राजांच्या बागा निराळ्या. औरंगाबादला पाणी जमिनीखालच्या नहरींनी आणावे लागले. ते काम सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने सुरू केले. त्याच शतकात, त्याच शहरात बीबी का मकबऱ्याभोवती चारबाग आखली गेली. सरळ पाट, मधे कारंजी. पुढे शनिवारवाड्यात कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे उडू लागले. ज्याच्या घरी कधी पाणी मोजून वापरले गेले, त्याला कारंजे नुसते सुंदर दिसत नाही. जे दुर्मिळ आहे ते उधळून दाखवता येणे, हीच सत्तेची खूण.

प्रत्येक काळाची बाग त्या काळाची टंचाई सांगते.

इंग्रजांना या भूमीत ओळखीची टंचाई होती. भायखळ्याची राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली खुली झाली. देशोदेशीची झाडे तिथे आणून लावली, त्यांना नावांच्या पाट्या दिल्या. परक्या जागी माणूस आधी नावे देतो. नाव दिले की जागा आपली वाटू लागते.

मग टंचाई जागेची झाली. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन पाण्याच्या टाकीच्या छतावर उभी आहे. वर हिरवळ, खाली शहराची तहान. अडचणीत सापडलेली कल्पकता पुष्कळदा ऐश्वर्यापेक्षा शहाणी ठरते.

मंडई आणि बाग एकत्र नांदू शकतात, हे मुंबईने एकदा पाहिले होते. १८६९ साली बांधलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या आवारात कारंजे होते. प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांनी शेतात राबणारी माणसे कोरली. फळ घेणाऱ्याला आधी शेतकरी दिसावा, अशी ती रचना.

१९९६ मध्ये फळांचा आणि भाजीचा घाऊक बाजार मुंबईतून नवी मुंबईत आला. मुंबईची कोंडी पाहता ते आवश्यकच होते. सिडकोच्या आखीव शहरात बाजाराला एक जागा मिळाली, उद्यानांना दुसरी. नकाशा वस्तू वेगळ्या करतो. त्यांना पुन्हा जोडणे माणसांवर सोडलेले असते, आणि माणसे बहुधा नकाशाचेच ऐकतात.

बाजारात माथाडी ओझी वाहतात. त्यांच्या श्रमाला १९६९ च्या कायद्याने संरक्षण दिले. त्यांतले कितीतरी सातारा-सांगलीच्या गावांतून आलेले. माती कळणारी माणसे शहरात पुष्कळ आहेत. शहराने त्यांची पाठ वापरली, त्यांना काय ठाऊक आहे ते विचारले नाही.

आता टंचाई मातीची आहे. मातीने दिलेले सत्त्व भाजीबरोबर शहरात येते आणि पाल्याबरोबर कचऱ्यात जाते. शेताकडे काही परतत नाही. केवळ घेणारे नाते घेणाऱ्यालाही शेवटी दरिद्री करते.

वाट मात्र सापडलेली आहे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, कचऱ्याच्या जुन्या डेपोवर झाडे लावली गेली. १९९४ पासून ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याची माती झाली आणि त्या मातीत फळझाडे वाढली. शेतीत प्रयोग करणारे श्री. अ. दाभोळकर हयातभर सांगत राहिले की थोडी जागा, ऊन आणि कुजणारा पाला यांतून विपुलता निर्माण करता येते. साध्या उपायांना अनुयायी उशिरा मिळतात, कारण त्यांत मिरवण्यासारखे काही नसते.

पुढची बाग आखताना पहिली रेघ कारंज्यापासून किंवा हिरवळीपासून निघू नये. ती पाला पडतो तिथून निघावी. बाजारातला पाला, घरातली साले, रस्त्यावरची पानगळ यांची माती कुठे होणार, हे ठरले की झाडांच्या जागा आपोआप ठरतात.

पाण्याची उधळण करून राजे मोठे दिसले. मातीची उधळण करून कोणीही मोठे दिसणार नाही. जे शहर घेतलेली माती परत करील, त्यालाच यापुढे बाग लावण्याचा अधिकार राहील.