गाईडच्या ‘नाही’च्या बाजूने

मे महिन्यात ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांवर उजाडण्याआधीच जिप्सींची रांग लागते. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून आलेली कुटुंबं, सुटीला परदेशातून घरी आलेलीही काही, आणि त्यांच्यासोबत तेरा ते अठरा वयाची, अर्धवट झोपेतली मुलं. आईवडिलांच्या मनात एक साधी इच्छा असते. मुलांनी चार दिवस पडद्यावरून नजर काढावी, काहीतरी खरं, जिवंत बघावं. ही इच्छा चांगली आहे आणि तिच्यासाठी रात्रभराचा प्रवास आणि चंद्रपूरचं ऊन सोसणाऱ्या पालकांबद्दल मला आदर वाटतो. या वयाला थरार हवाच असतो. तो दुचाकीच्या वेगात शोधण्यापेक्षा सागाच्या आणि बांबूच्या रानात शोधलेला केव्हाही बरा. ताडोब्यात सफारीला मोबाईल नेता येत नाही, त्यामुळे तीन-चार तास घरातली सगळी माणसं एकाच दिशेला बघत बसलेली असतात. अशी वेळ आता घरातही सहज मिळत नाही.

प्रश्न पुढचा आहे. या तीन-चार तासांत मूल नेमकं काय शिकून परत येतं? वाघ दिसला की नाही, यावर ते फारसं ठरत नाही. ते ठरतं गाईड आणि मागच्या सीटवरचे मोठे लोक यांच्यात जे घडतं त्यावर.

गाईड म्हणजे बहुतेक वेळा त्याच प्रवेशद्वाराजवळच्या गावातला तरुण. आता गाईडचं काम करणाऱ्या ताईही ताडोब्यात दिसतात. त्यांना येतं ते ज्ञान कुठल्या शाळेच्या पुस्तकातून आलेलं नसतं. रस्त्यावरच्या धुळीत वाघाच्या पंज्याचा ठसा दिसला, की तो टायरच्या खुणेवर उमटलाय की टायर त्याच्यावरून गेलंय, हे गाईड आधी पाहतो. त्यावरून वाघ गाडीच्या आधी गेला की नंतर, ते कळतं. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला तरी तो लगेच हुरळून जात नाही, कारण चितळ उगाचही बिचकतं. सांबराने कॉल दिला की मात्र इंजिन बंद करायला सांगतो. झाडाच्या शेंड्यावरचं वानर कोणत्या बाजूला तोंड करून ओरडतंय, हे बघतो. उन्हाळ्यात नाले आटतात, जनावरं पाणवठ्यावर येतात, म्हणून तो कधी कधी अर्धा तास एकाच जागी गाडी थांबवून ठेवतो. पहिली दहा मिनिटं मुलं कंटाळतात. मग त्यांना कुसुमाची लाल पालवी दिसते, ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी साल दिसते, नीलपंखाचा निळा रंग दिसतो. शांत बसून बघायचं असतं, हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळतं.

या ज्ञानाइतकंच महत्त्वाचं गाईडचं आणखी एक काम असतं. ते म्हणजे ‘नाही’ म्हणणं. रस्ता सोडून गाडी आत घालायची नाही. उभं राहून ओरडायचं नाही. याच्या पुढे जायचं नाही. वेळ झाली, आता परत फिरायचं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वन्यप्राण्यापासून गाडीचं अंतर किमान 20 मीटर असायला हवं. कागदावर हा नियम सरळ आहे. प्रत्यक्षात तो पाळायला लावतो गाडीत पुढे बसलेला एक माणूस, ज्याच्या हातात दंडुका नाही, अधिकाराची खुर्ची नाही आणि ज्याची दिवसाची कमाई मागे बसलेल्या लोकांच्या खुशीवर बरीच अवलंबून आहे. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असतं. त्या तीन महिन्यांची तजवीजही त्याला याच उन्हाळ्यात करायची असते.

आणि मागून आवाज येतात. ‘इतक्या लांबून आलोय हो.’ ‘त्यांची गाडी गेली की पुढे, मग आपलीच का थांबली?’ ‘मुलांना नीट दिसत नाहीये, थोडी पुढे घ्या ना.’ ‘टिपचं बघतो आम्ही, काळजी करू नका.’ यात कोणी दुष्ट नसतं. मुलांवरच्या प्रेमापोटीच बोललेलं असतं. पण त्या क्षणी सीटवर बसलेलं पंधरा वर्षांचं मूल एक धडा पक्का करून घेत असतं: नियम सांगणारा माणूस गरीब असेल तर त्याचा नियम विकत घेता येतो.

या धड्याचा शेवट कुठे होतो, ते 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. एफ-2 या वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत सगळीकडे पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, जिप्सीचालक आणि गाईडांवर निलंबनाची कारवाई झाली. पाच पिल्लं वाढवणाऱ्या वाघिणीला अडवणं म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायला हवं. वाघाच्या बहुतेक शिकारी फसतात. पिल्लं साधारण दोन वर्षांची होईपर्यंत आईच्या शिकारीवर जगतात. तिला भीतीने वाट बदलायला लागली, तर तो दिवस सगळ्यांच्या उपासाचा ठरू शकतो. त्या गाड्या चालवणाऱ्यांची चूक होतीच. पण चालक आपण होऊन वाघिणीला घेरायला निघत नाही. अशा गर्दीची सुरुवात बहुतेक वेळा मागच्या सीटवरून होते.

कोणी म्हणेल, हजारो रुपये भरून वाघ बघायची इच्छा धरली, यात गैर काय? इच्छेत काहीच गैर नाही. मलाही दरवेळी वाघ दिसावा असंच वाटतं. पण पावतीवर काय लिहिलेलं असतं, ते बघावं. आपण प्रवेश विकत घेतो, गाडीतली जागा घेतो, गाईडचा वेळ आणि त्याची नजर घेतो. वाघ त्या पावतीत नसतो. वयात येणाऱ्या मुलाला हे एकदा अनुभवातून कळणं फार मोलाचं आहे, कारण त्याच्या भोवतीचं बाकी सगळं जग त्याला उलटं शिकवत असतं. बटण दाबलं की वस्तू दारात, पैसे टाकले की रांग टळते. पैसे दिले तरी आपल्या मर्जीने न चालणारं काहीतरी जगात आहे, हे जंगल शिकवतं. मात्र आपण जंगलाला ते शिकवू द्यायला हवं.

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. ताडोबा हे रिकामं रान नव्हतं. तळ्याकाठी ज्या तारू देवाचं ठाणं आहे आणि ज्याची पौषात आदिवासींची जत्रा भरत आली, त्या देवावरूनच या जंगलाला नाव मिळालं. 1955 साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुढे गाभ्यातली गावं उठली. बोटेझरी, जामणी, नवेगाव. आज जामणीच्या कुरणात चितळांचे कळप चरतात, वाघ दिसण्यासाठी गाड्या तिथे आवर्जून जातात. जिथे आपण दुर्बीण लावतो, तिथे कुणाची तरी चूल होती, कुणाचं बांध घातलेलं भाताचं शेत होतं. वाघ वाचवण्यासाठी किंमत मोजावी लागली आणि ती आपण मोजली नाही, हे मुलांना सांगितलं पाहिजे.

ती किंमत अजूनही मोजली जातेच. उन्हाळ्याची सुटी आणि तेंदूपानांचा हंगाम एकाच वेळी येतो. ज्या मे महिन्यात आपली मुलं जिप्सीत बसून वाघाची वाट बघतात, त्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातली कित्येक घरं पहाटे पानं तोडायला जंगलात शिरतात आणि वाघ आडवा येऊ नये म्हणून देवाचं नाव घेतात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यातच, व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने जीव घेतला. 2022 च्या गणनेत देशात 3,682 आणि महाराष्ट्रात 444 वाघ असल्याचा अंदाज निघाला, त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. तो आकडा अशा माणसांच्या पायांनी चालून मोजलेला आहे. गाईड ज्या गावातून येतो, त्या गावाला वाघ कधी रोजगार देतो, कधी गाय नेतो, कधी माणूस. म्हणून तो जेव्हा ‘पुढे नको’ म्हणतो, तेव्हा वाघ म्हणजे काय हे आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणणारा माणूस बोलत असतो.

मग करायचं काय? मुलांना जंगलात न्यावं, जरूर न्यावं. जाण्याआधी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ त्यांच्या हातात द्यावं; काही काळ एका जंगलात राहणं किंवा आयुष्यभर जंगलात नोकरी करणं माणसाला काय देतं, ते त्यांना कळेल. गाईडचं नाव, गाव विचारावं, त्याला ‘ए’ अशी हाक मारू नये. झाडांची, पक्ष्यांची गावातली नावं त्याच्याकडून मुलांना लिहून घ्यायला लावावीत. आणि गाडी निघण्याआधीच, मुलांच्या देखत, गाईडला स्पष्ट सांगावं: ‘भाऊ, आमची टिप ठरलेली आहे. वाघ दिसो न दिसो, ती तेवढीच राहील. तुम्ही थांबा म्हणाल तिथे आम्ही थांबू.’ एवढ्या दोन-तीन वाक्यांनी त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. तो मोकळेपणी आपलं काम करू शकतो आणि त्याची नजर मग फक्त वाघ शोधत नाही, जंगल दाखवू लागते.

काही गाईड आणि चालक स्वतःच घाई करतात, कॉल ऐकला की गाडी पळवतात, हेही खरं आहे. तेव्हा ‘दादा, हळू घ्या, आम्हाला घाई नाही’ हे मागून आलं पाहिजे. ते वाक्य मुलाने म्हटलं तर फारच उत्तम. या वयाच्या मुलांना अन्याय लगेच दिसतो, फक्त बोलायची मुभा नसते. ती मुभा जंगलात द्यावी.

मला या गोष्टीची एवढी काळजी वाटते, कारण ती जंगलापुरती नाही. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला ‘ओढा चढलाय, पलीकडे जायचं नाही’ म्हणणारा गावातला वाटाड्या हाच माणूस असतो. ‘काल रात्री झोप नाही झाली, आज गाडी नको’ म्हणणारा ड्रायव्हर, ‘हा स्लॅब अजून पक्का नाही, सेंटरिंग काढू नका’ म्हणणारा मिस्त्री, ‘डॉक्टर, डोस जास्त वाटतोय’ म्हणणारी परिचारिका हीसुद्धा तीच माणसं. यांच्याकडे माहिती असते, पण वजन नसतं. त्यांचं ‘नाही’ पैशाने, दटावणीने किंवा गोड बोलून मागे घ्यायला लावणं सोपं असतं. अनेक अपघातांच्या आधी कुणीतरी असं ‘नाही’ म्हटलेलं असतं आणि कुणीतरी ते ऐकलेलं नसतं.

आज जिप्सीत मागे बसलेली मुलं दहा-पंधरा वर्षांनी घरं बांधतील, दवाखाने चालवतील, माणसं कामाला ठेवतील. त्यांच्यासमोरही असा कमी पगाराचा, पण जाणता माणूस उभा राहील आणि ‘नाही’ म्हणेल. त्या वेळी त्यांनी थांबून त्याचं ऐकावं, असं वाटत असेल, तर यंदाच्या सुटीत त्यांच्यासमोर आपण गाईडचं ऐकलं पाहिजे. वाघ चाळीस मीटरवर असताना, कॅमेरा हातात असताना आणि पुढच्या गाडीने नियम मोडलेला असतानासुद्धा.