वंशावळीतली रिकामी जागा

दिवाळीची साफसफाई चालली होती. अकोल्याच्या आमच्या जुन्या घरात आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. दरवर्षी ती वरवर पुसून ठेवण्याचा आमचा शिरस्ता. यंदा मात्र उघडावी लागली. अमरावतीचा माझा चुलतभाऊ घराण्याची वंशावळ नव्याने छापून घेणार होता आणि त्याला जुना कागद हवा होता. मी घडी उलगडली, तोच तिच्यातून कणीएवढा एक जीव बाहेर आला आणि दोन नांग्या उगारून मागच्या मागे सरकू लागला.

"मार ना बापू त्याले, इचू हाये तो!" आई ओरडली.

मी चप्पल उचललीही होती. पण पाहतो तो त्याला शेपूट नाही, नांगी मारायला काटा नाही. हा विंचू नव्हेच, हा छद्मविंचू. कोळी आणि विंचू यांच्या गोतातला, आठ पायांचा, माणसाला सर्वस्वी निरुपद्रवी. जुन्या कागदांत होणारे बारीक किडे खाऊन तो उलट आपल्या पोथ्यापुस्तकांची राखणच करतो. पुस्तकांत सापडणाऱ्या या बिनशेपटीच्या विंचवाचा उल्लेख ॲरिस्टॉटलनेही केलेला आहे.

पण त्याचे घराणे ॲरिस्टॉटलहून फारच जुने. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआ येथील खडक आम्लात विरघळवून शास्त्रज्ञांनी त्यातले सूक्ष्म अवशेष वेगळे केले, तेव्हा त्यांत छद्मविंचू निघाले. १९८९ साली ही गोष्ट जाहीर झाली. वय सुमारे ३८ कोटी वर्षे! आणि नवल असे, की तेव्हाही त्यांची घडण पाहताक्षणी ओळखू यावी अशी होती. त्यानंतरचा ज्ञात अवशेष एकदम युक्रेनमधला, सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा; त्याचे वर्णन २०२२ साली प्रसिद्ध झाले. मधल्या पंधरा कोटी वर्षांचे पान कोरे. पुढे झाडांच्या राळेत अडकलेले मात्र पुष्कळ सापडतात. बाल्टिक प्रदेशातल्या राळेत तर दुसऱ्या किड्याला धरून फुकटचा प्रवास करणारे छद्मविंचूही गोठून राहिले आहेत.

मग त्या पंधरा कोटी वर्षांत ते नव्हते काय? असे कोण म्हणेल! या जीवाची मादी आपली अंडी पोटाशी पिशवीत सांभाळते. पेटीतल्या या कणीएवढ्या जीवाला आई होती, त्या आईला आई होती. ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली असती, तरी आज तो माझ्यापुढे नांग्या उगारून उभा राहिला नसता. कोरे पान एवढेच सांगते, की जपून ठेवणारा चिखल किंवा राळ तिथे नव्हती, किंवा असलीच तर आपल्या हाती आली नाही. आपल्या वऱ्हाडाचेच पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि आपला काळा पाषाण झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीकडे त्या पाषाणाखालच्या थरांत डायनोसॉरची हाडे सापडली आहेत. हत्तीएवढ्याचे हाड राहते. कणीएवढ्याचे राहायला नशीब लागते.

तो जीव फटीत गेला आणि मी कागद वाचू लागलो. सात पिढ्यांचे पुरुष ओळीने मांडलेले. बायका जवळजवळ नाहीतच. पणजीच्या जागी काहीच नाही. आईला विचारले, तर ती म्हणाली, "जिजी म्हणत तिले सारे. दर्यापूरकडची होती. खरं नाव कोनालेच ठाऊक नाई."

भावाला फोन केला. तो म्हणाला, "काहीतरी चांगलं नाव घालून देऊ, नाहीतर ती ओळच गाळू. बरं दिसत नाही."

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मला दोन्ही वाटा खोट्या वाटल्या. ओळ गाळणे म्हणजे ती नव्हतीच असे म्हणणे. नाव रचणे म्हणजे तिच्या जागी दुसरीच बाई आणून बसवणे. शास्त्रज्ञ ती पंधरा कोटी वर्षे नाकारीत नाहीत आणि कल्पनेने भरूनही काढीत नाहीत. ते जागा मोकळी ठेवतात. मोकळी जागा हीदेखील एक प्रामाणिक नोंदच आहे.

हा प्रश्न घरापुरताही नाही. मेळघाटातल्या कोरकूंनी पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद त्यांच्याजवळ असेलच असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा मानला. कागदाच्या मुकेपणाला कायद्याने नकार समजले नाही. तेवढे तरी आपण घरात करावे.

शेवटी भावाने ऐकले. नव्या वंशावळीत पणजोबांशेजारी एक चौकट छापली जाईल: "जिजी. दर्यापूरकडील. नाव ठाऊक नाही." आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग म्हणाली, "आता माह्यं नाव बी लिहून ठेव, बापू. नीट लिही."

जुना कागद मी पुन्हा पेटीत ठेवला. पेटीत औषध मात्र मारले नाही.