रुळणं ज्याचं त्याचं

नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या जोडप्यात एकाला पहिल्याच दिवशी ऑफिस मिळतं, सहकारी मिळतात. दुसऱ्याच्या वाट्याला फ्लॅटच्या चार भिंती. त्यामुळे जोडपं म्हणून कुणी रुळत नाही, ज्याला त्याला आपापलं रुळावं लागतं. राहायला गेल्यावर २ आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, सोबत घरमालकाचं लेखी पत्र न्यायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच भरायची. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकून २५ सेंट परत घ्यायचे. कामं किरकोळच, पण गाव ओळखीचं होतं ते यांतूनच.

कुणी म्हणेल, ज्याला भाषा येते त्यानेच हे उरकावं, वेळ वाचतो. वाचतो खरा! पण मग दुसऱ्याला पुढेही साध्या डॉक्टरकडे जायला सोबत लागते. ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला तिथे नोकरीची मुभा असते, तीही कागदावरच राहते. मराठी मंडळाचा गणपती आधार देतो, नाही असं नाही. पण तो वर्षातून एकदा. तुमची मुलगी-जावई किंवा मुलगा-सून तिकडे असतील, तर आज फोनवर ‘जेवलात का’ विचारून झालं की एवढंही विचारा: बँकेत, पालिकेत कोण जातं?