कात्री कोणाच्या ताटाला?

महिन्याची वीस तारीख उलटली की पुष्कळ घरांत एक हिशेब मनातल्या मनात मांडला जातो. दूध अर्ध्या लिटरवर आणायचं, तुरीची डाळ दिवसाआड शिजवायची, फळं पुढच्या महिन्यात बघू, पालेभाजी महाग झाली आहे तर बटाटा पुरवून वापरू. हा हिशेब कुठल्या वहीत लिहिलेला नसतो. तो बहुधा घरातली बाई करते, एकटी करते, आणि तो जमला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार देशात गावाकडे माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता आणि शहरात ६,९९६ रुपये. गावाकडे त्यातला सुमारे ४७ टक्के खर्च अन्नावर होतो, शहरात जवळपास ४० टक्के. घरभाडं, विजेचं बिल, शाळेची फी, कर्जाचा हप्ता यांना ‘या महिन्यात थोडं कमी घ्या’ असं सांगता येत नाही. ओढाताण झाली की हात आखडतो तो किराण्यात आणि भाजीत. ओढग्रस्तीच्या घरात काटकसर म्हणजे शेवटी कोणाच्या तरी पोटाला चिमटा.

म्हणून काटकसरीबद्दल बोलताना ‘किती वाचलं?’ याच्या आधी ‘कोणाचं कमी झालं?’ हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर अवघड नाही. मुलांच्या वाटीतलं कोणी काढत नाही, कमावत्या माणसाला पोटभर वाढलं जातं, म्हाताऱ्यांचं पथ्य सांभाळलं जातं. सगळ्यांचं झाल्यावर जी बसते, तिच्या ताटात भाजी संपलेली असते आणि आमटी पातळ झालेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं, म्हणजे ते वाढलं आहे. याला कारणं अनेक आहेत. पण सगळ्यांना वाढून उरेल ते खायची रीत त्यातलं एक आहे, हे आपण मान्य करायला हवं. आपण या रीतीला त्याग म्हणतो आणि तिचं कौतुक करतो. पण जो त्याग पिढ्यान् पिढ्या एकाच माणसाकडून गृहीत धरला जातो, तो त्याग उरत नाही. तो अन्याय होतो.

दुसरी एक काटकसर घराबाहेर चालते. पालेभाजीच्या दोन जुड्यांसाठी टोपलीवालीशी पाच रुपयांची घासाघीस करायची, भांडी घासणाऱ्या मावशींचा खाडा पगारातून कापायचा, आणि हे वाचलेले पैसे हुशारीचे म्हणून मोजायचे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासात ग्राहक टोमॅटोसाठी मोजतो त्या रुपयातले सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याच्या हाती पडतात, असं दिसलं. साखळीतल्या बड्या लोकांशी आपण भाव करू शकत नाही. आपली घासाघीस पोचते ती सगळ्यात दुबळ्या माणसापर्यंत. पैसे कमी असतील तर एक जुडी कमी घ्यावी, पण घेतलेल्या जुडीचे रास्त पैसे द्यावेत.

मग जिच्यात कोणाचंच कमी होत नाही, अशी काटकसर असते का? असते, आणि आपल्या स्वयंपाकघरांना ती चांगली ठाऊक आहे. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालांची तीळ घालून केलेली चटणी, मुळ्याच्या पाल्याची परतून भाजी, मुळा जून झाला की त्याच्या डिंगऱ्या, फणसाच्या आठळ्या, रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी, भाकरीचा ताकातला काला. उन्हाळ्यात घातलेले सांडगे आणि वाळवलेल्या गवारीच्या शेंगा भाजी महाग होते त्या आठवड्यात कामी येतात. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं ताटात शीत टाकत नाहीत, त्यामागे अनुभवाची शिकवण आहे. वाया न घालवणं ही गरिबीची खूण नाही. अन्न पिकवायला लागलेल्या पाण्याचा, मातीचा आणि घामाचा तो मान आहे.

इथेही प्रश्न तोच आहे. फोडणीची पोळी सगळ्यांच्या बशीत आली, तर ती घराची न्याहारी. ती रोज एकाच बशीत जात असेल आणि बाकीच्यांना ताजं मिळत असेल, तर कात्री पुन्हा तिथेच चालली.

ताटात भर घालणारी काटकसर मात्र परसात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूत्रांप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या हव्यात, त्यातली १०० ग्रॅम पालेभाजी. चौघांच्या घराला हे रोज विकत घेणं जड जातं, आणि बाजारातून सगळ्यात आधी वगळली जाते ती पालेभाजीच, कारण ती शिजून मूठभर होते आणि पुरत नाही. नेमकी तीच घरी लावायला सर्वांत सोपी आहे. माठ पेरल्यापासून महिन्याभरात काढायला येतो. पालक आणि अंबाडी खुडत राहिलं की पुन्हा फुटतात. शेवग्याची फांदी पावसाच्या तोंडावर खोचली तरी जगते. तिच्या पाल्यात लोह आणि कॅल्शियम भरपूर असतं, आणि कोकणात गोकुळाष्टमीला या पाल्याच्या भाजीचा मान आहे. अळूला मोरीचं पाणी पुरतं. एक लिंबाचं झाड असलं तर पालेभाजीवर पिळलेला लिंबू त्यातलं लोह अंगी लागायला मदत करतो.

मृगाचा पाऊस पडला की दोडका, कारलं, पडवळ, भोपळा यांच्या बिया कुंपणाशी टोचाव्यात. साधारण दोन महिन्यांत दोडके उतरू लागतात. कुंपण नसेल तर गच्चीच्या कठड्याला दोरी बांधून वेल चढवता येतो. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा मात्र हवी. हात आखडता असेल तर विकतच्या रंगीत कुंड्यांच्या आणि तयार मातीच्या मागे लागू नये. तेवढ्या पैशांत वर्षाची कोथिंबीर येईल. तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली, सिमेंटचं धुतलेलं पोतं, तळाला भोकं, आत वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, थोडी माती आणि भाज्यांची देठं-सालं, एवढं पुरतं. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनी उसाचं चिपाड आणि स्वयंपाकघरातला कचरा यांच्या बळावर गच्चीतली शेती करून दाखवली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून साध्या माणसांना स्वतःच्या मातीवर प्रयोग करायला शिकवलं, आणि एका कुटुंबाचा निर्वाह दहा गुंठ्यांत नीट होऊ शकतो असा हिशेब मांडला. आपल्याकडे दहा गुंठे नसतील, पण अंगणाचा किंवा गच्चीचा कोपरा पुष्कळांकडे असतो.

भाजीइतकंच महत्त्वाचं बी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांचं बी जमवलं, जपलं, वाढवलं आणि बायकांच्या हाती दिलं. २०२० साली जाहीर झालेल्या ‘पद्मश्री’च्या यादीत त्यांचं नाव होतं. त्यांच्या कामातून मला एक गोष्ट उमगते. विकतचं संकरित बी दरवर्षी नव्याने आणावं लागतं. गावरान वेलावरचा पहिला चांगला दोडका मात्र बियांसाठी राखला, की पुढच्या पावसाची तजवीज घरातच होते. ते बी शेजारणीला मूठभर दिलं तरी आपलं कमी होत नाही. पैशांची बचत वाटली की घटते, बियांची बचत वाटली की वाढते.

आपण कोणाच्या कष्टावर जेवतो, या विचाराला आपल्या परंपरेत एक जागा आहे. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा नेम पाळला जातो. नांगर न लावता हाताने लावलेलं, परसात आलेलं, तेवढंच त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत पडतं : अळू, माठ, भोपळा, भेंडी, मक्याचं कणीस, सुरण. व्रतामागची कथा आज पटो न पटो, त्या नेमातला प्रश्न जिवंत आहे. माझ्या घासासाठी कोण राबलं? मुक्या जनावराच्या कष्टाची आठवण वर्षातून एक दिवस ठेवणाऱ्या समाजाने घरातल्या आणि शेतातल्या माणसाच्या कष्टाची आठवण रोज ठेवायला हवी.

म्हणूनच परसबागेबद्दल एक इशारा. राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानात बचत गटांच्या बायकांनी गावोगावी पोषण परसबागा उभ्या केल्या आहेत, अनेक शाळांच्या आवारात पोषण आहारासाठी भाजी पिकते आहे. हे फार चांगलं काम आहे. पण घरातली बाग जर पाणी भरणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, कामावर जाणाऱ्या बाईच्याच अंगावर आणखी एक काम म्हणून पडणार असेल, तर तिच्या ताटात आलेली भाजी तिच्या झोपेतून वजा होईल. पाणी घालणं मुलांनी करावं, खताचा डबा पुरुषांनी सांभाळावा, निवडणं सगळ्यांनी मिळून करावं.

आणि ज्यांच्याकडे दहा बाय दहाच्या खोलीखेरीज काही नाही, पाण्याचा हंडा विकत घ्यावा लागतो, त्यांना कुंडीचा उपदेश करू नये. काटकसर त्यांच्याइतकी कोणाला येत नाही. त्यांना हवी आहे ती रास्त मजुरी, वेळेवर मिळणारं रेशन आणि वस्तीतलं पाणी. गृहसंकुलातल्या मोकळ्या जागेत शोभेच्या हिरवळीचा एक पट्टा कमी करून तिथे काम करणाऱ्या सुरक्षारक्षकांना, सफाई करणाऱ्या बायकांना भाजी लावू दिली, तर त्यात कोणाचं काय जाईल? संत सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यात भाजी पिकवता पिकवता देव पाहिला. आपल्याला निदान शेजारचा माणूस तरी दिसावा.

या आठवड्यात एवढं करून पाहू. महिन्याचा हिशेब एका कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांसमोर ठेवू, मुलांसमोरही. काय कमी करायचं ते मिळून ठरवू, आणि जे कमी होईल ते प्रत्येकाच्या ताटात सारखं कमी होईल असं बघू. एका डब्यात माठाचं बी टाकू आणि पाणी कोणी घालायचं ते नावानिशी ठरवू. आणि जेवायला सगळे एकदम बसू. जिने रांधलं तिचं ताट आधी वाढू. पैशांची चणचण यात कोणाचा दोष नसतो आणि ती लपवण्यातही अर्थ नसतो. ज्या घरात थोडकं असताना सारखं वाटलं जातं, त्या घरातली मुलं पुढे पुष्कळ मिळालं तरी नीट वाटायला शिकलेली असतील.