कोणता अर्धा?

वाचकहो, मृतांची निंदा करू नये हे आपणा सर्वांना लहानपणापासून शिकविलेले असते. त्यांची खोटी स्तुती करावी की नाही, हे मात्र कोणी शिकवीत नाही. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण पाठ केलेली असते. पण ती शेजाऱ्याचे नुकसान करणाऱ्या साक्षीपुरतीच आहे, असे आपण मनाशी धरून चालतो. शेजाऱ्याच्या बाजूने दिलेली खोटी साक्ष, तीही तो शवपेटीत निजलेला असताना, कोणाला खटकत नाही. मला ती खटकली नव्हती.

काही वर्षांपूर्वी आमच्या भिलाईतील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ निवर्तले. त्यांचे नाव येथे देत नाही. कुटुंबीयांची तशी इच्छा आहे. लेखाच्या विषयाशी हे विसंगत आहे, याची मला जाणीव आहे. विद्यार्थी, प्राध्यापक, शिपाई, सगळेच त्यांना 'भैया' म्हणत. मी त्याच विभागात शिकवीत असे. ब्युरेटची तोटी अडली की भैया, किपच्या उपकरणातून सडक्या अंड्यांचा वास पसरू लागला की भैया, आणि परीक्षेच्या दिवशी एखाद्या मुलीचे हात थरथरू लागले तरी भैयाच. त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या प्रार्थनासभेत मला बोलावयास सांगण्यात आले. मी म्हणालो, "आमच्या विभागात जे संशोधन झाले, त्यातील अर्धे श्रेय भैयांचे आहे." माना डोलल्या. त्यांच्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला. आपण छान बोललो असे मलाही वाटले.

आठ दिवसांनी त्यांचा मुलगा घरी आला. त्यांच्या घरी पवित्र शास्त्राच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर तीन पिढ्यांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. वडिलांच्या नावापुढे दोन ओळी लिहाव्यात, असे त्याच्या मनात होते. चहाचा पेला खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "सर, कौन-सा आधा?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री मला हॅमिल्टन नाकी यांची आठवण झाली. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन विद्यापीठात हा कृष्णवर्णीय गृहस्थ माळी म्हणून लागला. टेनिसची मैदाने राखणे हे त्याचे काम. १९५४ च्या सुमारास रॉबर्ट गोट्झ नावाच्या प्राध्यापकांना जिराफावरील प्रयोगासाठी जनावर धरून ठेवणारा माणूस हवा होता. त्यांनी नाकींना बोलाविले. तेथून ते प्रयोगशाळेत आले आणि जनावरांना भूल देणे, टाके घालणे, पुढे अवयवांचे रोपण करणे, असे एकेक शिकत गेले. शल्यचिकित्सेचे शिक्षण घेणारे डॉक्टर त्यांच्याकडून हातांचे काम शिकत. १९९१ साली ते निवृत्त झाले, ते माळ्याच्या निवृत्तिवेतनावर. २००३ साली त्याच विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्रातील सन्माननीय पदवी दिली.

२९ मे २००५ रोजी ते वारले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी लिहिले, की ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केलेल्या पहिल्या हृदयरोपणात दात्या तरुणीचे हृदय काढणाऱ्यांत नाकी होते आणि वर्णभेदी राजवटीने ते लपवून ठेवले. ही हकीकत खरी नव्हती. त्या रात्री ते शस्त्रक्रियागृहात नव्हतेच. 'न्यूयॉर्क टाइम्स' व लंडनचे 'इकॉनॉमिस्ट' यांना आपल्या मृत्युलेखांत दुरुस्ती छापावी लागली.

वाचकहो, ज्यांनी ही कथा पसरविली त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. ज्या राजवटीत कातडीच्या रंगावरून माणसाला गोऱ्या रुग्णाजवळ उभे राहू देत नसत, त्या राजवटीविषयी त्या कथेत काही खरे होतेच. परंतु त्या कथेने नाकींचे काय केले ते पाहा. ती खोटी ठरल्यावर लोक तिच्याविषयीच बोलत राहिले. डुकरांच्या व कुत्र्यांच्या देहांवर वर्षानुवर्षे चाललेले ते शांत, कुशल काम मागे पडले. जणू तेवढ्याने भागत नव्हते, म्हणून त्यांना एका प्रसिद्ध रात्रीत नेऊन उभे करावे लागले.

आपल्या देशात याहून नेमकी रीत घडलेली आहे. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली कलकत्त्यास आले आणि बऊबाजारातील विज्ञान संस्थेत फावल्या वेळी प्रयोग करू लागले, तेव्हा आशुतोष डे हे तेथील साहाय्यक होते. आशुबाबूंनी महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. पुढे कंपनसंख्या मोजण्याच्या एका नव्या पद्धतीवरील निबंध १९१९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला, तो एकट्या आशुबाबूंच्या नावावर. रामन यांनी त्याला प्रस्तावना तेवढी जोडली. आपल्या अर्ध्या कीर्तीचे धनी आशुबाबू आहेत, असे मोघम बोलणे रामन यांना सोपे गेले असते. त्यांनी निबंध कोणाचा ते दाखविले. पौलाचे रोमकरांस पत्र ज्याने लिहून घेतले, त्या तर्तियाचाही सोळाव्या अध्यायात असाच एक सलाम आहे. लिहून घेणारा मी, एवढेच तो सांगतो.

पण अशी उदाहरणे थोडी. १८९६ च्या प्लेगात मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली, त्या वेळी त्यांच्या हाताखाली एक लेखनिक व तीन शिपाई होते असे आपण वाचतो. संख्या राहिली. याच लशीच्या इतिहासात एका मदतनीसाची गोष्ट मात्र तपशिलाने नोंदलेली आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचे पद गेले, आणि निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे कागदपत्रांत आले. चिमटा ज्या हजारो वेळा पडला नाही, त्या कोण लिहून ठेवतो?

येथवर विचार आला आणि मला आमचेच दप्तर आठवले. भैयांचे नाव पगारपत्रकाबाहेर एकाच कागदावर आहे. तो एक मेमो आहे.

हकीकत अशी. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. वीस विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे उत्तर सारखेच चुकले. बाहेरून आलेले परीक्षक संतापले; त्यांच्या मते ही उघड नक्कल होती आणि सर्वांना शून्य द्यावयास हवे होते. मी गप्प होतो. भैया आत गेले, आपल्याच द्रावणाचे टायट्रेशन करून आले आणि सर्वांदेखत म्हणाले, "साहेब, मुलांची चूक नाही. ऑक्झॅलिक आम्ल मी कमी तोलले." विद्यार्थ्यांचे गुण वाचले. दुसऱ्या दिवशी भैयांना मेमो मिळाला.

प्रार्थनासभेत बोलण्यापूर्वी हा प्रसंग माझ्या मनात आला होता. मेलेल्या माणसाची चूक कशाला काढा, म्हणून मी तो गाळला आणि त्या जागी अर्ध्या संशोधनाची थाप ठेवून दिली. आज वाटते, की मला त्यांच्यापेक्षा माझे त्या दिवशीचे गप्प बसणे अधिक झाकावयाचे होते. आणि दुसरेही आहे. सकाळी मी येण्याआधी दोन तास भैया प्रयोगशाळेत काय करीत, हे मी कधी पाहिलेच नव्हते. ज्याच्याकडे पाहिले नाही, त्याची स्तुती घाऊकच करावी लागते.

आमच्या गावी रूळ तयार होतात. रुळाच्या अंगावर कारखान्याचे चिन्ह आणि निर्मितीचा महिना व वर्ष उठविलेले असते. पोलादाचा नमुना ज्याने तपासला त्याचे नाव तेथे मावत नाही, आणि मावावे असा माझा आग्रहही नाही. पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर मात्र दोन ओळींची जागा होती.

मी त्या मुलास पुन्हा बोलाविले. अर्धे संशोधन त्याच्या वडिलांचे नव्हते, हे आधी सांगितले. सांगताना जीभ अडखळली. मग सिल्व्हर नायट्रेटसाठी ते राखून ठेवीत त्या तपकिरी बाटल्यांविषयी, तारीख घालून चिकटविलेल्या चिठ्ठ्यांविषयी आणि शेवटी त्या परीक्षेविषयी सांगितले. माझे गप्प बसणेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मेमो ऐकून त्याला वाईट वाटले असेल, असे मला वाटत होते.

"एक लिटरला किती घालायचे असते?" त्याने विचारले.

"दशांश नॉर्मल द्रावण असेल तर ६.३ ग्रॅम."

त्याने खिशातून पेन काढले आणि आकडा पुन्हा एकदा सांगा म्हणाला.